हेक्लाच्या पायथ्याची माती

दक्षिण आइसलँडमध्ये, हेक्ला ज्वालामुखीच्या पायथ्याच्या मैदानावर, तुम्ही मातीच्या एका भिंतीसमोर उभे आहात. भिंत तुमच्याहून वीतभर उंच आहे. माथ्यावरून गवताची जाड झूल पुढे लोंबते आणि खाली तुमच्या बुटांपासून क्षितिजापर्यंत काळी वाळू न् धोंडे. ही भिंत कुणी बांधलेली नाही. एके काळी सगळं मैदान याच उंचीवर होतं, असंच गवताने झाकलेलं. वाऱ्याने ते खरवडून नेलं आणि मधले काही तुकडे राहून गेले. आइसलँडचे लोक अशा तुकड्याला रोवाबार्द म्हणतात. वाऱ्याचं काम अजून थांबलेलं नाही. भिंतीच्या पोटातून माती भुरभुर गळते आहे आणि आधार सुटला की वरचं गवत ढेकळासकट खाली येतं.

जवळ या. खुरपीने भिंत थोडी तासा. आतली ओलसर तपकिरी माती उघडी पडते आणि तिच्यात आडव्या रेघा दिसायला लागतात. काळी, करडी, पुन्हा काळी, मग एक पांढुरकी, आणि बरीच खाली एक दुरंगी. जुन्या गोधडीची शिवण उसवली की आजीच्या, पणजीच्या लुगड्यांचे थर एकाखाली एक निघतात, तशी ही माती उलगडते. प्रत्येक रेघ म्हणजे एका उद्रेकाची राख. कोणती राख कोणत्या ज्वालामुखीची हे तिच्या रसायनावरून कळतं, आणि कोणत्या वर्षीची हे जुन्या बखरींवरून. या दोन्हींचा मेळ घालायची रीत सिग्युर्दुर थोरारिनसन या भूवैज्ञानिकाने १९४४ सालच्या आपल्या प्रबंधात घालून दिली. त्यामुळे या भिंतीवर कुठेही बोट ठेवलं तरी साधारण कोणता काळ ते सांगता येतं. आज आपण हेच करायचं. बोट ठेवायचं आणि त्या वर्षात उतरायचं.

आधी ती दुरंगी रेघ शोधा. कमरेच्या पातळीवर आहे. खालची बाजू फिकट, वरची हिरवट काळी. हीच राख ग्रीनलँडच्या बर्फात सापडली आणि बर्फातले वर्षावर्षाचे थर मोजून तिचं साल निघालं, ८७७ च्या आगेमागे. या रेघेच्या वर गोठे, चुली, जनावरांची हाडं सापडतात. खाली माणसाची खूण जवळजवळ नाहीच. तुमचं बोट रेघेच्या किंचित खाली ठेवा.

पहिल्यांदा जाणवतं ते हे की वारा पडला आहे. हवा गारच आहे, पण कानात घोंगावणारा आवाज गेला. तुम्ही झाडीत आहात. बर्चची झाडं, आपल्या हिमालयातल्या भूर्जाची भाऊबंद, खोडं वाकडीतिकडी, उंची फार तर दोन पुरुष. फांद्या बाजूला सारत चालावं लागतं. पायाखाली पालापाचोळा, शेवाळ, रानबेरींची झुडपं, आणि त्याखाली इतकी मऊ जमीन की पाऊल घोट्यापर्यंत दबतं. एक कोल्हा समोर येऊन थांबतो आणि तुमच्याकडे बघत राहतो. माणूस म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. ध्रुवीय प्रदेशातला हा कोल्हा सोडला तर या बेटावर जमिनीवर राहणारा दुसरा सस्तन प्राणी नाही. गवत चरणारं जनावर तर एकही नाही. पश्चिम किनाऱ्याला गेलात तर वॉलरसचे कळप दगडांवर पहुडलेले दिसतील. वसाहत झाल्यावर काही शतकांतच ते तिथून कायमचे नाहीसे झाले.

देशाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग या वेळी अशा झाडीखाली आहे, असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. पण मला तुम्हाला इथे आणायचं होतं ते पुढचा प्रसंग दाखवायला. ईशान्येकडून आभाळ काळवंडतं. थोड्या वेळात बारीक, खरखरीत राख पडायला लागते. तुमच्या खांद्यांवर, पानांवर, कोल्ह्याच्या पाठीवर. दोन दिवस पडते आणि थांबते. आता नीट पाहा, काय होतं ते. फांद्यांवरची राख पावसाने खाली येते. खाली ती खोडांच्या मधे, झुडपांच्या बुडाशी अडकते. वारा आत शिरू शकत नाही, म्हणून ती उडत नाही. हिवाळ्यातला बर्फ तिला दाबतो. पुढच्या वसंतात गवताची पाती तिला भेदून वर येतात, शरदात नवा पाला पडतो, आणि सगळ्या उद्रेकाची बोटभर जाडीची एक रेघ होऊन राहते. हेक्ला, काटला, वात्नायोकुल हिमनदीखालचे ज्वालामुखी, सगळे हजारो वर्षं आग ओकत होते आणि ही झाडी त्या आगीची माती करत होती.

आता बोट केसभर वर सरकवा. किनाऱ्याला नॉर्वेहून जहाजं लागली आहेत. परंपरा ८७४ हे साल आणि इंगोल्फुर आर्नारसन हे नाव सांगते. तो आजच्या रेक्याविकच्या जागी उतरला. पुढच्या साठेक वर्षांत सगळी जमीन वाटून संपली. जहाजांतून मेंढ्या उतरतात, गुरं उतरतात, घोडे, शेळ्या, डुकरं. उतरणारे लोक कसलेले शेतकरी आहेत. त्यांना इथे बर्च दिसतो, गवत दिसतं, मासळीने भरलेल्या नद्या दिसतात, आणि हे सगळं त्यांच्या गावाकडच्यासारखंच आहे. जे दिसत नाही ते पायाखाली आहे. नॉर्वेची माती जड आहे, चिकण आहे. इथली माती म्हणजे राखेचा हलका भुसा, आणि तो फक्त मुळांनी धरून ठेवलेला. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. हा फरक डोळ्याला कळण्याजोगा नव्हता, आणि कळायला लागला तेव्हा पिढ्या उलटून गेल्या होत्या.

झाडी कशी गेली ते तुम्ही धुरावरून ओळखाल. कुरणासाठी आग लावतात. लोखंड गाळायला कोळसा लागतो. गवत कापायच्या लांब दांड्याच्या विळ्याला धार काढायची तर पातं तापवून ठोकावं लागतं, म्हणजे दर उन्हाळ्यात, दर शेतकऱ्याला कोळसा. आणि तोडलेल्या बुंध्यातून फुटलेला कोवळा कोंब मेंढी खाते. हिवाळ्यातही मेंढ्या बाहेरच. कुऱ्हाडीने तोडलेलं झाड परत येतं. कोंब खाल्लेलं झाड येत नाही.

इथून थोडं पश्चिमेला, इसवी सन १००० मधल्या उन्हाळ्यात, थिंगवेटलिरला एक चक्कर टाकू. एका लांब काळ्या कड्याखाली देशभरचे सरदार तंबू ठोकून बसले आहेत. ९३० पासून दरवर्षी ते इथे जमतात, खटले चालवतात आणि कायदा ऐकतात. कायदा लिहिलेला नाही, एक माणूस तो तोंडपाठ म्हणतो, तीन वर्षांत मिळून सगळा. आज वाद आहे तो जुने देव ठेवायचे की ख्रिस्ती व्हायचं याचा. इतक्यात एक माणूस धावत बातमी आणतो की दक्षिणेला ओल्फुसमध्ये जमीन फुटून आग बाहेर पडते आहे. जुन्या देवांची बाजू घेणारे म्हणतात, बघा, देव कोपले. त्यावर स्नोरी नावाचा सरदार विचारतो, मग आपण ज्या दगडावर उभे आहोत तो जळत होता तेव्हा देव कशावर रागावले होते? सागा-वाङ्मयात हा प्रसंग नोंदलेला आहे. पायाखालचा थंड काळा कातळ कधीकाळी वितळलेला होता, हे हजार वर्षांपूर्वीचा एक शेतकरी सरदार भर सभेत सांगतो. तो ज्या कड्याखाली बोलतो आहे तो कडा म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्रचंड तुकड्यांमधल्या भेगेची कड. उत्तर अमेरिकेचा तुकडा एका अंगाला सरकतो आहे, युरेशियाचा दुसऱ्या अंगाला, वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर. त्यांच्यामधल्या जागेत खालून लाव्हा वर येतो, आणि या देशाचा जन्मच तसा झालेला आहे.

भिंतीकडे परत या. पांढुरकी रेघ आहे ती ११०४ ची. माणसांच्या देखत झालेला हेक्लाचा हा पहिला उद्रेक. फिकट, हलका, सच्छिद्र दगडाचा चुरा उत्तरेकडे पसरला आणि थ्योर्सारदालुर खोऱ्यातल्या शेतवाड्यांवर पडला. यानंतर वीसेक वर्षांनी आरी थोर्गिल्सन हा विद्वान देशाचा इतिहास लिहायला घेतो आणि पहिल्या वसाहतकारांच्या वेळी डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत रान होतं असं नमूद करतो. भूतकाळात. अडीचशे वर्षांत ते ऐकीव गोष्ट झालं होतं.

आता थोरारिनसन यांनी दाखवून दिलेली गोष्ट स्वतः पाहा. दुरंगी रेघेखालची माती साचायला हजारो वर्षं लागली. तिच्या वरची माती केवळ अकराशे-साडेअकराशे वर्षांची आहे, तरी जाडीला खालच्या भागाची बरोबरी करते. वरच्या भागात राखेच्या रेघांमधलं अंतर वाढत गेलेलं आहे. ही जादा माती आली कुठून? शेजारून. झाडी गेलेल्या जमिनीवरून वारा माती उचलत होता आणि जिथे अजून गवत टिकून होतं तिथे टाकत होता. भिंत जाड होत गेली कारण शेजार पातळ होत गेला. माझ्या मते आइसलँडचा इतिहास समजून घ्यायला एवढी एक भिंत पुरे आहे. राज्यं, तह, व्यापार हे सगळं नंतर वाचता येईल.

पुढच्या मुक्कामासाठी मात्र ही भिंत सोडून शंभरेक किलोमीटर पूर्वेला जावं लागेल, सीदा नावाच्या मुलुखात. तारीख ८ जून १७८३, रविवार, पेंटेकॉस्टचा सण. तुम्ही क्लोइस्तुरच्या चर्चच्या वाटेवर आहात. सकाळ इतकी स्वच्छ की डोंगरावरचे ओढे मोजता यावेत. नऊच्या सुमाराला उत्तरेच्या डोंगरामागून वाळूचा काळा ढग वर येतो आणि बघता बघता सगळ्या मुलुखावर पसरतो. घरात दिवा लावावा लागेल इतका अंधार. बाहेर कोळशाच्या चुऱ्यासारखं काहीतरी पडतं आहे. झिमझिम पाऊस सुरू होतो आणि थेंब डोळ्यांना झोंबतात, कातडीला चुरचुरतात. रुंद पानांना भोकं पडतात. नुकत्याच लोकर उतरवलेल्या मेंढ्यांच्या पाठीवर भाजल्याचे डाग उठतात.

या सगळ्याची नोंद करणारा माणूस तुमच्या शेजारीच उभा आहे, धर्मगुरू यॉन स्टेन्ग्रिम्सन, वय चोपन्न. देवाधर्माचं पाहतो, जमेल तशी लोकांना औषधंही देतो. रोज काय दिसलं ते तो लिहून ठेवतो आणि पुढे ज्वालामुखी-शास्त्रात त्याचं टिपण आधार म्हणून वापरलं जाणार आहे. डोंगरापलीकडे लाकी नावाच्या टेकडीच्या दोन्ही अंगांना २७ किलोमीटर लांबीची भेग पडली आहे आणि तिच्यावर शंभराहून अधिक मुखं एकामागून एक उघडत आहेत. क्लोइस्तुरहून त्यातलं काही दिसत नाही. दिसते ती स्काफ्ताऊ नदी. दोन दिवसांत तिचं पाणी कमी होतं आणि मग ही मोठी, गढूळ, घोड्यावरून उतरायला अवघड नदी चक्क आटते. लोक कोरड्या पात्राकडे बघत उभे राहतात. १२ जूनला नदीच्या खोल घळीतून पाण्याऐवजी लाव्हा बाहेर येतो. घळ काठोकाठ भरून.

दीड महिन्याने, २० जुलैला, लाव्हा चर्चच्या दिशेने सरकतो आहे. यॉन लोकांना चर्चमध्ये बोलावतो. कदाचित इथली ही शेवटची प्रार्थना. आत बसा. धुरामुळे दार दिसत नाही, विजा चमकतात, जमीन हादरते, आणि कुणीही उठून जात नाही. प्रार्थना संपल्यावर लोक बाहेर जाऊन बघतात तर लाव्हा होता तिथेच थांबलेला आहे आणि जागच्या जागी थरावर थर चढतो आहे. ही प्रार्थना आइसलँडमध्ये आजही आठवली जाते. पण यॉनचा मोठेपणा मला पुढच्या वाक्यांत दिसतो. लाव्ह्याने अडवलेल्या दोन नद्यांचं पाणी बांधावरून उसळून आगीवर कोसळत होतं, हेही तो तितक्याच निष्ठेने लिहून ठेवतो. पाण्याने लाव्ह्याचं तोंड थिजलं. हे ध्यानात ठेवा, १९७३ मध्ये लागेल.

लाव्हा कुणाला फारसा मारत नाही. मारतं ते गवत. लाव्ह्याबरोबर आलेला फ्लुओरिन कुरणांवर बसला आहे. मेंढ्यांच्या सांध्यांवर गाठी येतात, दातांना वेडीवाकडी टोकं फुटतात, जबडे सुजतात. घोड्यांची कातडी पाठीवर सडते, भुकेने ते एकमेकांच्या शेपट्या चावतात. उद्रेक फेब्रुवारी १७८४ पर्यंत चालला. सुमारे ६०० चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे जवळजवळ बृहन्मुंबईएवढी, लाव्ह्याखाली गेली. देशातल्या पाचातल्या चार मेंढ्या, निम्मी गुरं आणि निम्म्याहून अधिक घोडे मेले. मग माणसं. पन्नासेक हजारांच्या देशात पाचांतला एक. यॉनची बायकोही त्यांत गेली.

हवेत गेलेला सल्फर डायऑक्साइड सुमारे १२ कोटी टन होता. त्याचं धुकं युरोपभर पसरलं. पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने उन्हाचा जोर गेल्याचं टिपलं आणि कारण म्हणून हेक्लाचं नाव घेतलं. देश बरोबर होता, डोंगर चुकला. पुण्यात तेव्हा नाना फडणिसांचा कारभार होता, सालबाईचा तह नुकताच झाला होता. हिंदुस्थानच्या उत्तरेत त्याच सुमाराला, संवत १८४० मध्ये, चालिसा दुष्काळ पडला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका हवामान-अभ्यासाने दाखवलं की लाकीच्या धुक्यामुळे उत्तर गोलार्धातली जमीन पुरेशी तापली नाही, त्यामुळे आफ्रिका आणि भारत दोन्हीकडचा मान्सून दुबळा झाला. नाईलचं पाणी त्या वर्षी फार खाली गेलं होतं. चालिसाचं सगळं खापर लाकीवर फोडता येणार नाही, मान्सून बिघडायला इतर कारणंही असतात. तरी क्लोइस्तुरच्या आभाळाचा आपल्या पावसाशी संबंध असू शकतो, हे मनात ठेवून पुढे चला.

त्या लाव्ह्याच्या कडेला आज उभे राहा. दोनशे चाळीस वर्षं झाली. काळा कातळ करड्या-हिरव्या शेवाळाने झाकला गेला आहे, हातभर दाबलं जाईल असं वाटण्याइतकं जाड. पाऊल ठेवू नका, ठसा वर्षानुवर्षं राहतो. एका बाजूने शेवाळ हळूच उचला. खाली बोटभरसुद्धा माती नाही, सरळ दगड. आठ महिन्यांत ओतलेला हा खडक आणि अडीच शतकांत त्यावर जमलेलं एवढंच.

सह्याद्रीच्या माणसाला हा कातळ अनोळखी नाही. बेसाल्टच आहे, आपलाच काळा पाषाण, फक्त वयाने पोरसवदा. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे बघा, काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे तांबडा पट्टा दिसतो. एक लाव्हा निवला, पुढचा यायला बराच अवकाश होता, त्या अवकाशात वरचा खडक आणि राख झिजून जी जमीन झाली ती हा पट्टा. मग पुढच्या लाव्ह्याने तिला भाजून पुरून टाकलं. आणि विदर्भ-मराठवाड्यातली कपाशीची काळी कसदार जमीन म्हणजे याच खडकाचा ऊन-पावसात लाखो वर्षं झालेला चुरा. आइसलँडमध्ये या कामाची सुरुवात दिसते, आपल्याकडे तयार माल.

पुन्हा हेक्लाच्या मैदानावर, १८८२ चा वसंत. फक्त डोळे झाका आणि उभे राहा. थंडगार उत्तर वारा दिवसचे दिवस वाहतो आहे आणि त्यात वाळू आहे. शेतवाड्यांच्या भिंतींना ढीग लागले आहेत, कुरणं पुरली गेली, मेंढ्यांच्या लोकरीत इतकी वाळू की त्यांना उठवत नाही. लोक घरं सोडून जातात. याच काळात स्कॉटलंडहून नव्या पोलादाचे विळे आले, त्यांना कोळसा लागेना आणि उरलीसुरली झाडी वाचली. पण तोवर देशभरात बर्च शंभरातल्या एक-दोन भागांवर आला होता.

१९०७ साली सरकारने वाळू रोखण्याचा कायदा केला. मृदसंधारणासाठी सरकारी खातं उभारणाऱ्या जगातल्या पहिल्या देशांमध्ये आइसलँड आहे, आणि ते सुखवस्तूपणातून आलेलं नव्हतं. तेव्हाचे कामगार दगडाचे बुटके बांध घालत, त्यांच्या आडोशाला वाळूत वाढणाऱ्या मेलग्रेसी या जाड गवताचं बी टाकत. ते गवत वाळू चढली की तिच्यावर चढतं, आणखी चढली की आणखी वर येतं. गुन्नार्सहोल्ट ही शेतवाडी वाळूने गिळली होती. त्याच जागी पुढे या खात्याचं मुख्य ठाणं झालं.

आता समुद्रावर. १४ नोव्हेंबर १९६३, दक्षिण किनाऱ्यासमोरच्या वेस्टमान बेटांजवळ मासेमारीची एक बोट. पहाटेच्या अंधुक उजेडात खलाशांना दूर धूर दिसतो. जहाज पेटलंय असं समजून ते मदतीला जातात आणि पाहतात तर १३० मीटर खोल समुद्र उकळतो आहे. दुसऱ्या दिवशी तिथे बेट आहे. सुर्त्से. साडेतीन वर्षं उद्रेक चालला. शास्त्रज्ञांनी पहिल्यापासून ठरवलं की इथे कुणी राहायचं नाही, काही लावायचं नाही, फक्त बघायचं. १९६५ मध्ये वाळूत समुद्राकाठचं एक रोप उगवलं. नंतरची वीस वर्षं इथेतिथे काही रोपं, बाकी उजाड. मग १९८६ च्या सुमारास कुरव पक्ष्यांनी एका कोपऱ्यात वसाहत केली. त्यांची विष्ठा, अंडी, मेलेली पिलं, माशांचे काटे यांतून नायट्रोजन आला, आणि त्या कोपऱ्यात हिरवंगार कुरण उभं राहिलं. त्याच वयाच्या खडकावर, पक्षी नाहीत तिथे, अजून जवळजवळ काही नाही. जिवंत काहीतरी येऊन तिथे खाल्लं, हगलं, मेलं, तेव्हा कुठे जमीन व्हायला लागली.

शेजारच्या हेमाए बेटावर दहा वर्षांनी, २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर दोनच्या आसपास, गावाच्या कडेलाच जमीन फाटते. पाच हजारांवर वस्ती. आदल्या दिवशीच्या वादळामुळे सगळ्या होड्या बंदरात आहेत, हे नशीब. पहाटेपर्यंत जवळजवळ सगळं गाव होड्यांतून मुख्य भूमीवर पोचतं. पुढे लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघतो. बंदर गेलं तर मासेमारी गेली, म्हणजे गावच गेलं. थोर्ब्योर्न सिग्युर्गेरसन हा भौतिकशास्त्रज्ञ सुचवतो की समुद्राचं पाणी मारून लाव्ह्याचं तोंड थिजवा. यॉनच्या नद्यांनी १७८३ मध्ये आपणहून केलं तेच काम आता पंपांनी करायचं. तुम्ही एका नळीचं तोंड धरून लाव्ह्यावर उभे आहात. बुटांचे तळवे तापतात, वाफेत पुढचा माणूस दिसत नाही. साठ लाख टनांच्या घरात पाणी ओतलं गेलं. चारेकशे घरं गेली, बंदर राहिलं, आणि त्याचा आडोसा आधीपेक्षा चांगला झाला. लोक परतले. घरांवरची राख त्यांनी टोपल्या, फावडी, ट्रक मिळेल त्याने उपसली, आणि उरलेल्या उतारावर आधी गवताचं बी टाकलं, राख उडू नये म्हणून.

आता बर्फाकडे वळू. २०१४ मध्ये ओद्दुर सिग्युर्दसन या हिमनदी-तज्ज्ञाने ओक ही हिमनदी आता हिमनदी उरली नाही असं जाहीर केलं. बर्फ इतका पातळ झाला होता की स्वतःच्या वजनाने तो सरकेना. २०१९ मध्ये तिच्या जागी स्मृतिफलक लागला. त्या फलकाचे फोटो जगभर गेले, ते योग्यच झालं. पण बर्फ हटल्यावर खाली काय उघडं पडतं याकडे कमी लोकांनी पाहिलं. दळलेल्या खडकाचा पिठासारखा बारीक गाळ. वारा तो उचलतो आणि पुन्हा उरलेल्या जमिनीवर, उरलेल्या बर्फावर आणून टाकतो. काळपट झालेला बर्फ आणखी लवकर वितळतो. ओलावुर आर्नाल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर पायपीट करून १९९७ मध्ये जो नकाशा सिद्ध केला त्यानुसार देशाच्या सुमारे ४० टक्के जमिनीवर धूप गंभीर आहे. युरोपातल्या एका ओल्या, थंड, श्रीमंत देशात.

शेवटचा मुक्काम हेक्लाच्या मैदानावरच, पण या वर्षीच्या शरदात, भिंतीच्या वरच्या गवतावर. २००७ पासून हेक्लाभोवतीच्या सुमारे ९०० चौरस किलोमीटर जमिनीवर बर्च परत आणायचं काम चालू आहे. सगळीकडे लावत बसणं शक्य नाही, म्हणून ठिकठिकाणी छोटे वाफे करतात आणि बाकीचं वाऱ्यावर सोडतात. दहाएक वर्षांत ती झाडं स्वतः बी सोडायला लागतात. हेक्ला पुन्हा फुटणार यात कुणाला शंका नाही, शेवटचा उद्रेक २००० चा. म्हणूनच तर ही घाई. गवतावर हातभर राख पडली तर गवत मरतं आणि राख मोकळी होते. डोक्याएवढ्या झाडीवर पडली तर झाडी ती धरून ठेवते.

शाळेची मुलं, म्हातारी जोडपी, कचेरीतले लोक शरदात बी गोळा करायला बाहेर पडतात. तुमच्या हातात एक कागदी पिशवी देतात. प्लॅस्टिकची नको, बी कुजतं. बर्चच्या लोंबत्या मंजिऱ्या तपकिरी झाल्या असतील तर पिकल्या. दोन बोटांत चुरगळा. तळहातावर पांढुरक्या पंखांचं, मोहरीहून बारीक बी पडतं. पेरायचं ते शक्यतो याच हंगामात. दाट गवतात टाकू नका, ते गुदमरतं. उघड्या वाळूतही नको, हिवाळ्यात जमिनीत बर्फाच्या सुया उभ्या राहतात आणि कोवळं रोप मुळासकट वर ढकलतात; तिथे आधी दोन-तीन वर्षं गवत आणि खत. जिथे विरळ गवत आहे, मधून थोडी माती दिसते, ती जागा बघा. वाकून चिमूटभर टाका, पुरू नका. बुटाने एकदा दाबा. चार पावलं पुढे जा आणि पुन्हा वाका.